आमचं 'व्हय' आणि त्यांचं 'व्हाय'

आमच्या तामलवाडीकडं 'हो' म्हणणारा माणूस एक तर मास्तर असतो, नाही तर पुण्याहून आलेला पाहुणा. बाकी आम्ही सगळे 'व्हय' म्हणतो. जेवलास का? व्हय. गाडी गेली का? व्हय. कुणी काही सांगत असलं की मधे मधे 'व्हय' म्हणायचं, म्हणजे सांगणाऱ्याला कळतं, की समोरचा ऐकतोय, झोपलेला नाही. नवल वाटलं तर 'व्हय?' असं लांबवायचं. आणि भांडण उकरायचं असलं तर 'व्हय का!' असं ठसक्यात म्हणायचं, पुढचं आपोआप होतं.

बहात्तरच्या दुष्काळात माझी आई आणि अण्णा, म्हणजे माझे वडील, दोघंही खडी फोडायच्या कामावर होते. संध्याकाळी चुलीपाशी आई दिवसभराचं सगळं बोलून काढायची. मुकादम कसा खेकसला, कुणाच्या बोटावर हातोडा बसला, कामावर खायला मिळणाऱ्या सुकडीत आज खडे किती होते. अण्णा भिंतीला टेकून नुसते 'व्हय, व्हय' करायचे. मला वाटायचं, हा माणूस काहीच कसं बोलत नाही? एकदा अण्णा दुसऱ्या कामावर मुक्कामाला गेले, तर आई आठवडाभर गप्प होती. आम्हा पोरांना सांगून तिचं भागत नव्हतं. आम्हाला हुंकार भरता येत नव्हता.

पुढं मी सोलापूरला शारीरिक शिक्षणाच्या कॉलेजात गेलो. तिथं एका सरांनी हजेरीच्या वेळीच मला उभं केलं. "अरे, 'हो' म्हण. फार तर 'होय' म्हण. 'व्हय' काय? ढोरं हाकतोस का?" वर्ग हसला. माझा स्वभाव मुळात वाकडा. मी तिथल्या तिथं ठरवलं, की आता मरेस्तोवर 'व्हय'च म्हणणार. सरांनी पण शेवटी हात टेकले. मात्र त्याच सरांनी माझं नाव अमेरिकेला पाठवलं, हेही सांगितलं पाहिजे.

ऐंशी सालानंतरची ही गोष्ट. तिकडं उन्हाळ्याच्या सुट्टीत शाळेतली पोरं रानात, तळ्याकाठी राहायला जातात. पोहतात, होडी चालवतात, गाणी म्हणतात. त्यांना सांभाळायला निरनिराळ्या देशांतून तरुण पोरं बोलावणारी एक संस्था होती. मला मल्लखांब येत होता, लेझीम येत होती, पोरांना रांगेत उभं करता येत होतं. सरांनी अर्ज करवला, मुलाखत झाली, आणि खरं सांगतो, माझी निवड झाली हे मला स्वतःला विमानात बसेपर्यंत पटलं नव्हतं.

गावात बातमी पसरली, की मी 'समर कॅम्प'ला चाललोय. आता कॅम्प म्हणजे काय, हे आमच्या तालुक्याला कुणी शिकवायची गरज नव्हती. कॅम्प म्हणजे छावणी. दुष्काळ पडला की गुरांसाठी काढतात ती. दूध सोसायटीच्या ऑफिसात माझा सत्कार झाला. चेअरमन हार घालून म्हणाले, "अमेरिकेसारख्या देशावर बी अशी पाळी यावी, हे वाईटच. पण छावणी कशी सांभाळावी, हे आपल्या जिल्ह्याइतकं कुणाला ठावं हाय? आपला पोरगा तिथं आपलं नाव काढंल." टाळ्या पडल्या. मागं बसलेल्या एका म्हाताऱ्यानं विचारलं, "जनावरं किती हायती तिथं?"

मी म्हणालो, "आजा, जनावरं न्हायती. पोरं हायती."

"पोरांची छावणी?" म्हातारा हळहळला. "अरारा! मंजी लईच वंगाळ दिस आलं म्हनायचं."

मी समजावत बसलो नाही. चेअरमनच्या हातून आमच्या वस्तीतल्या पोराच्या गळ्यात हार पडला होता, आणि अण्णांचं लक्ष फक्त त्या हाराकडं होतं. विहारात सगळ्यांनी वंदना घेतली. आईनं कडक भाकरी आणि शेंगाची चटणी बांधून दिली, एवढी, की छावणीतल्या सगळ्या पोरांना पुरावी. आणि मी गेलो.

कॅम्प सुंदर होता. त्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. उंच झाडं, मोठं तळं, लाकडाच्या खोल्या, जेवणाचा मोठा हॉल. माझ्या खोलीत आठ-दहा पोरं, नऊ-दहा वर्षांची, आणि जोडीला एक कॉलेजात शिकणारा गोरा पोरगा. पोरगा चांगला होता, फक्त तोंडात सतत च्युइंगम असायचं आणि त्यामुळं तो काय बोलतोय ते मला कळायचं नाही. लेझीम तिथं कुठून मिळणार? मी दांडक्यांना डब्यांची झाकणं बांधली आणि पोरांना चार पावलं शिकवली. पोरांना आवडलं. एकदा कुणाच्या तरी डोक्यात आलं, की आपल्याकडं खरा इंडियन आलाय, तर शनिवारच्या खेळात याच्याच डोक्याला पिसं लावू. मी म्हणालो, ते इथले मूळचे इंडियन वेगळे, आम्ही वेगळे. तर म्हणाले, चालतंय की! मी म्हणालो, मला नाही चालत. पुन्हा कुणी पिसांचं नाव काढलं नाही.

पण मला तिथं लई एकटं वाटायचं. हे मी आजवर घरी कुणाला सांगितलं नाही. गावात लोकांनी विचारलं तेव्हा मी तळ्याचं सांगितलं, विमानाचं सांगितलं, तिथल्या पावाचं सांगितलं. एकटेपणाचं काय सांगणार? एवढ्या लांब पाठवलं आणि हा रडत होता, असं झालं असतं.

तिथं सगळे हसतमुख. सकाळी भेटेल त्यानं 'कसा आहेस?' विचारायचं आणि उत्तर ऐकायच्या आत पुढं निघून जायचं. सुरुवातीला मी दोन-तीनदा खरंच सांगायला लागलो, की झोप नीट लागली नाही, पाठ धरलीय. तोवर माणूस पार झाडांआड. सुट्टीच्या दिवशी बाकीचे सगळे गाडीत बसून जवळच्या गावात जायचे. पहिल्या वेळी मला विचारलं, येतोस का? मी म्हणालो, नको, राहू दे. आता आमच्याकडं पहिल्यांदा 'नको' म्हणायचंच असतं. मग समोरचा म्हणतो, अरे चल की, काय लाजतोस. मग आपण म्हणायचं, बरं, एवढं म्हणताय तर येतो. मी चप्पल घालून तयार होतो. त्यांनी 'ठीक आहे' म्हणून दार लावलं आणि गाडी गेली. पुढच्या वेळी विचारलंच नाही. त्यांचं काही चुकलं नाही. एकदा नको म्हणाला ना, मग नको!

आणखी एक. आमच्याकडं नवा माणूस भेटला की गाव विचारतात, मग आडनाव विचारतात. आमचं आडनाव ऐकून काही लोक जे गप्प होतात, ते गप्प होणं मी लहानपणापासून ओळखतो. तिथं कुणी आडनाव विचारलं नाही. सुटलो बाबा, असं वाटलं. छाती भरून श्वास घेतला. पण मग कुणी गावही विचारलं नाही, आईबापही विचारले नाहीत, भावंडं किती, रान किती, काहीच विचारलं नाही. मी कुठून तरी आलो होतो आणि उन्हाळा संपला की जाणार होतो, एवढं त्यांना पुरेसं होतं. मला ते पुरत नव्हतं.

दुपारी पोरं पाण्यात गेली, की मला काम नसायचं, तिथं पोहायला शिकवणारे वेगळे होते. मी झाडांत शिरायचो आणि मोठ्यांदा मराठी बोलायचो. बोलणार काय? 'आज लई ऊन हाय.' 'व्हय.' 'भाकरी संपत आली.' 'व्हय.' मीच बोलायचो, मीच हुंकार भरायचो. कुणी बघितलं असतं, तर परतीच्या विमानात बसवलं असतं.

आता ती भानगड सांगतो. आमचं 'व्हय' जरा झटक्यात म्हटलं, की इंग्रजीतल्या 'व्हाय'सारखं ऐकू येतं. 'व्हाय' म्हणजे 'का'. हे मला तिथं जाईपर्यंत कधी सुचलंच नव्हतं, कारण आमच्याकडं इंग्रजी कानानं कुणी शिकलं होतं? सगळं पुस्तकातलं. तर झालं असं, की पोरं काही विचारायची आणि माझ्या तोंडून सवयीनं 'व्हय' निघायचं. एक पोरगं विचारायचं, मी संडासला जाऊ का? मी म्हणायचो, व्हय. म्हणजे जा की बाबा! ते बिचारं तिथंच पाय आवळून उभं राहायचं आणि सांगायला लागायचं, कारण मी जेवताना सरबत जास्त प्यायलो. दुसरं म्हणायचं, मी खालच्या पलंगावर झोपू का? व्हय. मग ते मान खाली घालून सांगायचं, की वरच्या पलंगावरून पडायची भीती वाटते, पण कुणाला सांगू नकोस. मला वाटायचं, काय सालस पोरं आहेत ही, परवानगी दिली तरी कारण सांगतात.

एक दिवस सगळ्यांच्या बैठकीत मुख्य बाईंनी, म्हणजे तो कॅम्प चालवणाऱ्या बाईंनी, माझं कौतुक केलं. म्हणाल्या, या माणसाकडून शिका. हा पोरांना नुसतं हो-नाही करत नाही, प्रत्येक वेळी 'का' म्हणून विचारतो, आणि पोरं याच्यापाशी मन मोकळं करतात. सगळ्यांनी माझ्याकडं वळून पाहिलं. माझा जोडीदार च्युइंगम चघळत म्हणाला, आमच्या खोलीतली पोरं तर याला 'मिस्टर व्हाय' म्हणतात. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला! मी कानापर्यंत लाल झालो असणार, पण माझा रंग असा, की कुणाला कळलं नाही. मी गप्प बसलो. फुकटचं श्रेय मिळतंय, कोण नको म्हणतो? पण त्या दिवसापासून मी जपून 'येस' म्हणायला लागलो. आणि खरं सांगायचं तर तोंडातला तेवढा एक शब्द घरचा होता, तोही गेल्यासारखं वाटलं.

आमच्या खोलीत एक पोरगा होता, जो कशातच भाग घ्यायचा नाही. पाण्यात उतरायचा नाही, होडीत बसायचा नाही, रानात फिरायला निघाले की पोट दुखतंय म्हणायचा. जेवणाच्या हॉलमध्ये दोन घास खाऊन पळायचा. आणि पळून जायचा कुठं, तर ऑफिसच्या पायऱ्यांवर. तिथं दिवसभर बसून राहायचा. जोडीदार म्हणायचा, आळशी आहे. पोहायला शिकवणारे म्हणायचे, भित्रा आहे. मुख्य बाईंनी मला बोलावून सांगितलं, की आठवड्याच्या शेवटापर्यंत पोरगा मिसळला नाही, तर वडिलांना बोलावून त्याला घरी पाठवायचं. एकामुळं बाकीच्यांचा उन्हाळा नासतो. तू बघ काही जमतंय का.

मला काय जमणार? मी फक्त दुपारी झाडांत जायचं सोडून त्याच्याशेजारी पायरीवर जाऊन बसायला लागलो. दोन दिवस आम्ही दोघं नुसते बसून होतो. मला ते आवडलं, हे कबूल करतो. त्या देशात माझ्याशेजारी कुणी इतका वेळ बसलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी ऊन रणरणत होतं. माझ्या मनात गाव होतं, आई आता काय करत असेल, पाऊस आला असेल का, असलं काहीतरी. पोरगा अचानक तळ्याकडं बघत म्हणाला, "मला पाण्यात नाही जायचं."

"व्हय," मी म्हणालो. गुंगीतच निघून गेलं तोंडून. म्हणजे, बरं, नको जाऊस.

त्यानं माझ्याकडं पाहिलं. मग म्हणाला, "कारण पाण्यात डोकं बुडवावं लागतं."

"व्हय." बुडवावं तर लागतंच.

"कारण... डोकं बुडवलं की कानात पाणी जातं."

"व्हय."

"मग ऐकू येत नाही."

"व्हय."

तो पायरीची ढिली झालेली चीप नखानं उचकटत राहिला. मग अगदी हळू म्हणाला, "कारण फोन वाजला तर मला कळणार नाही."

आता मात्र मी शुद्धीवर आलो. सरळ इंग्रजीत विचारलं, "कुणाचा फोन?"

त्याची आई दवाखान्यात होती. फार आजारी होती. वडिलांनी त्याला इथं आणून सोडलं आणि सांगितलं, की काही झालं तर मी फोन करीन. आख्ख्या कॅम्पात फोन एकच, ऑफिसातला. रानात फिरायला गेलं, की तो ऐकू येत नाही. होडीत ऐकू येत नाही. हॉलमध्ये जेवताना एवढा गोंगाट, तिथं काय ऐकू येणार? म्हणून तो पायरीवर बसायचा. एवढंच होतं. ना आळस, ना भीती.

मी विचारलं, हे कुणाला सांगितलं का नाहीस?

तो म्हणाला, "सगळे म्हणतात, चल, चल. 'का' असं कुणी विचारलं नाही. तूच विचारलंस."

मी तरी कुठं विचारलं होतं! मी तोंड वळवून तळ्याकडं बघत बसलो.

मी मुख्य बाईंकडं गेलो. त्यांना आई आजारी असल्याचं ठाऊक होतं. वडिलांनीच विनंती केली होती, की त्याच्यापाशी विषय काढू नका, त्याला खेळण्यात गुंतवा. बाई वाईट नव्हत्या. त्यांनी खुर्चीत बसून दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि म्हणाल्या, घरी पाठवायचं आता राहू दे. मी पोरापाशी परत आलो आणि म्हणालो, "हे बघ. तू पाण्यात जा. दुपारभर मी इथं बसतो. माझे कान चांगले आहेत. फोन वाजला आणि तो तुझा असला, तर मी स्वतः येऊन तुला सांगीन. दुसऱ्या कुणाला सांगू देणार नाही."

"नक्की?"

"येस," मी म्हणालो. या वेळी जपून, स्पष्ट.

मग तो पाण्यात उतरला. आधी गुडघ्यापर्यंत, मग कमरेपर्यंत. डोकं बुडवायचा आणि वर आला की पहिल्यांदा पायऱ्यांकडं बघायचा. मी हात हलवून सांगायचो, नाही वाजला. तो पुन्हा बुडी मारायचा. फोन तसा रोज वाजायचा, दूधवाल्याचा, भाजीवाल्याचा, कुण्या पोराच्या मावशीचा. वाजला की मी उठून दारापाशी जाऊन ऐकायचो. मी उठलेला दिसला, की तो पाण्यात जिथल्या तिथं थिजायचा. मी परत बसलो, की हात मारायला लागायचा. पोहणं शिकवणाऱ्यांना कळेना, की हा पोरगा मधेच असा खांबासारखा उभा का राहतो. आम्ही दोघांनी कुणाला सांगितलं नाही.

त्या पायरीवर बसून माझेही दिवस बरे चालले होते. माझ्यावर कुणाचं तरी काम होतं. पण कान टेलिफोनकडं लावून बसलं, की मन कुठं जातं ते आपल्या हातात नसतं. तामलवाडीत फोन एकच होता, दूध सोसायटीत, आणि तो दुधाच्या टँकरला उशीर झाला तरच उचलायचा. आई-अण्णांनी जन्मात फोन कानाला लावला नव्हता. त्यांचा फोन येणं शक्यच नव्हतं, हे मला ठाऊक होतं. तरी घंटा वाजली, की वाटायचं, माझ्यासाठी वाजावा. कुणीतरी माझं नाव धड उच्चारावं. मग आतून बाई कुणाशी तरी अंड्यांबद्दल बोलायला लागायच्या आणि मी पुन्हा बसायचो.

एकदा पोरगा अंग पुसत माझ्याशेजारी येऊन बसला आणि म्हणाला, "तुझ्या घरचा फोन येतो का?"

मी म्हणालो, आमच्या घरी फोन नाही.

"मग तुला आठवण आली तर काय करतोस?"

मी मराठीत म्हणालो, "काय करणार? बसतो असाच." त्याला शब्द कळले नाहीत, पण त्यानं आपला ओला टॉवेल अर्धा माझ्या मांडीवर टाकला आणि आम्ही दोघं उन्हात बसून राहिलो.

तळ्याच्या मधे एक लाकडी तराफा बांधलेला होता. पोहत तिथवर गेलं की पोरगा पोहायला शिकला, असं धरायचे. ज्या दुपारी तो तिथवर जाणार होता, त्या दुपारी काठावर पोरांची ही गर्दी. तो सरळ पोहत गेला, एकदाही थांबला नाही, एकदाही मागं वळून पाहिलं नाही. तराफ्यावर चढला आणि दोन्ही हात वर केले. पोरांनी आरडाओरडा केला. मीही पायरीवरून शिट्टी वाजवली, आमची गावाकडची, दोन बोटं तोंडात घालून.

त्याच गोंगाटात फोन वाजला.

मी उठलो. आत बाई बोलत होत्या, आणि अंड्यांबद्दल बोलत नव्हत्या. फार थोडं बोलत होत्या. रिसीव्हर ठेवून त्या दारात आल्या तेव्हाच मला कळलं. त्या म्हणाल्या, सकाळी गेली. वडील निघालेत, संध्याकाळपर्यंत पोचतील. ते स्वतः सांगणार आहेत. तोवर त्याला तुझ्याजवळ ठेव, पण काही बोलू नकोस.

मी म्हणालो, मी त्याला शब्द दिलाय.

त्या म्हणाल्या, "ते मला कळतं. पण तो बापाचा हक्क आहे. बापाला सांगू दे."

मला ते पटलंही आणि पटलं नाहीही. अण्णांनी माझ्या जागी काय केलं असतं, तेही मला सुचेना. मी तळ्याकडं निघालो. ती उतरण मी रोज चढायचो-उतरायचो, पण त्या दिवशी पाय नुसते ओढत नेले. मनाशी इंग्रजीत वाक्यं जुळवत होतो. वडील येणार आहेत. तुला भेटायला येणार आहेत. चल, कपडे बदलू. एवढंच बोलायचं, पुढचं त्याचा बाप बघेल.

तो तराफ्यावरून पोहत परत आला होता. ओठ निळे पडलेले, आणि तोंडभर हसू. म्हणाला, "पाहिलंस?"

"येस," मी म्हणालो. "पाहिलं." त्याच्या अंगावर टॉवेल टाकला, त्याचा हात धरला आणि चालायला लागलो. पोरं मागं राहिली. पाइनच्या झाडांखाली पायवाट होती, तिथं सावली होती. तो आधी तराफ्याचं सांगत होता, वर शेवाळ कसं आहे, पाय कसा घसरतो. मग त्याचं बोलणं कमी होत गेलं. मग बंद झालं. थोडं पुढं गेल्यावर तो उभा राहिला आणि माझ्याकडं मान वर करून त्यानं विचारलं,

"माझी आई मेली का?"

मी जुळवलेली सगळी वाक्यं कुठल्या कुठं गेली. इंग्रजीच गेली. तोंडून एकच शब्द आला, जो आमच्याकडं खरं बोलणाऱ्या माणसाच्या तोंडून येतो.

"व्हय," मी म्हणालो.

तो माझ्याकडं बघत राहिला. केसांतलं पाणी त्याच्या गालांवरून खाली येत होतं. मी त्याला काहीतरी विचारलंय, असं समजून त्यानं जरा विचार केला, आणि नेहमीसारखं नीट, खरंखुरं उत्तर दिलं.

"कारण तू माझा हात धरलायस."

मी त्याच्यासमोर गुडघ्यावर बसलो. आणि मग त्याला कळेल असं, त्याच्या भाषेत, 'येस' म्हणालो.